कल्हईच्या धुरातला हायड्रोजन

पहाटेचा भोंगा होतो आणि तुम्ही दचकून डोळे उघडता. वर नुसतं आभाळ. पाठीखाली वाकळ, वाकळेखाली माळवद. वैशाखाच्या उन्हानं भाजलेली त्याची माती रात्र सरली तरी कोमटच आहे. हा भोंगा जुन्या गिरणीचा. तो विरतो न विरतो तोच लांबून दुसरा सुरू होतो, आणि खालच्या बोळातून चपलांची, अनवाणी पायांची, डब्यांच्या कड्यांची घाई गिरणीच्या दिशेनं वाहू लागते. कुणी मराठीत हाक मारतं, उत्तर तेलुगूत येतं, तिसरा कानडीत हसतो. हे सोलापूर. साल विचारू नका. शेर-अदपाव चालतोय, गिरण्या रात्रंदिवस धडधडतायत, तेव्हा 1950 नुकतंच मागं पडलंय असं धरून चला.

तुम्हाला इथं आणलंय ते नाकासाठी. तुमच्या काळातल्या वर्तमानपत्रात 'हरित अमोनिया' असे शब्द येतात. उन्हाच्या नाहीतर वाऱ्याच्या विजेनं पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन हवेतल्या नायट्रोजनशी जोडायचा, झालेला अमोनिया जहाजात भरून पाठवायचा आणि पलीकडे उतरवून त्यातला हायड्रोजन पुन्हा सोडवून घ्यायचा. वाचताना हे सगळं दूर कुठल्या तरी बंदरावरचं वाटतं. आज दिवसभर या गावात हिंडा. हा वायू तुम्हाला इथल्या गोठ्यात भेटेल, बोळात भेटेल, आणि तो काय काय करू शकतो ते इथल्या माणसांच्या हातांत दिसेल.

शिडीवरून उतरा. जपून, तिसरी पायरी हलते.

खाली अंधार आहे आणि अंधारात कुणीतरी मोठमोठे श्वास घेतंय. खिलारांची जोडी रात्रभर दाराआड आहे. कडी काढा. थांबा, एकदम तोंड आत घालू नका... घातलंत! नाकाच्या मुळाशी सुई टोचते, डोळे भरून येतात, तुम्ही दोन पावलं मागं सरता. मागं उभी असलेली म्हातारी हसते. सगळं घर तिला अव्वा म्हणतं, तुम्हीही म्हणा.

"रात्रीचं कोंडलेलं असतंय ते. दार उघडं ठेव जरा, जाईल उडून."

उडून जातं तोच अमोनिया. गुरांच्या मुतात युरिया असतो. मातीतले सूक्ष्मजीव तो रात्रभर फोडत बसतात आणि हा वायू मोकळा होतो. अव्वाला युरिया हा शब्द ठाऊक नाही, पण हा वास म्हणजे पिकाच्या तोंडचा घास आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ती ओल्या जागेवर आधी कोरडी माती पसरते, तिच्यावर कडब्याची उरलेली चिपाडं. भिजलेली माती चार दिवसांनी उकिरड्यात जाते आणि वरून पुन्हा मातीनं झाकली जाते. उघडा उकिरडा ज्याच्या दारात, त्याच्या शेतात ज्वारी गुडघ्याएवढीच, असं तिचं म्हणणं. आज ती पाटी तुमच्या डोक्यावर. चुंबळ नीट बसवा. चालताना एक ओघळ कानामागून मानेवर उतरेल. पुसू नका, हात आणखी घाण आहेत.

परत याल तेव्हा सोप्याच्या कोपऱ्यात एक पोतं दिसेल. अव्वाच्या लेकानं आणलंय, आणि अव्वा त्याच्याकडे संशयानं बघते. आत जाड्या मिठासारखे पांढरे दाणे. हे अमोनियम सल्फेट. तेव्हाच्या बिहारात सिंद्रीचा सरकारी खतकारखाना 1951 मध्ये सुरू झाला आणि असली पोती गावोगाव दिसू लागली. दाण्यांना वास नाही. आता एक गंमत करा. अव्वाच्या पानाच्या चंचीतली चुन्याची डबी मागा. तळहातावर चार दाणे, त्यावर बोटभर ओला चुना, आणि अंगठ्यानं तंबाखूसारखं मळा. नाकाशी न्या.

गोठा! तोच, अगदी तोच वास. अव्वाही हुंगते, भुवया वर करते आणि पोत्याकडे पहिल्यांदाच ओळखीच्या नजरेनं बघते. चुन्यानं त्या दाण्यांत बांधलेला अमोनिया सोडवला, एवढंच झालं. आता हात धुवा, राख लावून.

गोठ्यातला अमोनिया गवतातून, कडब्यातून आला. पोत्यातला हवेतून. हवेतला नायट्रोजन हायड्रोजनशी जोडायची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं 1909 मध्ये प्रयोगशाळेत करून दाखवली, आणि कार्ल बॉशनं 1913 मध्ये तिचा कारखाना उभा केला. लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंशांची उष्णता, वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब. नायट्रोजन हवेत फुकट आहे. सगळी किंमत मोजावी लागते ती हायड्रोजनची. सिंद्रीला तो कोळशातून निघतो, पुढं इतर कारखान्यांत नाफ्त्यातून, नैसर्गिक वायूतून निघेल, आणि प्रत्येक वेळी धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड वर जाईल. 'हरित' या शब्दाचा सगळा भार इथं आहे: हायड्रोजन कुठून आणलात? आपल्याच देशात ही वाट एकदा तुडवलेलीही आहे. तुम्ही उभे आहात त्या सकाळनंतर दहाएक वर्षांनी पंजाबात नांगलला भाक्राच्या पाण्यावरच्या विजेनं पाणी फोडून त्या हायड्रोजनचं खत होऊ लागलं. पुढं ती वीज इतर कामांना हवीशी झाली आणि खताचा कारखाना दुसऱ्या कच्च्या मालाकडे वळला. ही गोष्ट आज हरित अमोनियाच्या गप्पांत फारशी कुणी सांगत नाही. सांगायला हवी.

उन्हं चढली. बोळाच्या तोंडाशी पाण्याची रांग आहे, भांडणासकट. एक बाई रांगेतून बाहेर पडते: डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेवर घागर. पाठीचा कणा ताठ, मान जराही न हलवता ती तुमच्या अंगावरून निघून जाते आणि एक थेंब सांडत नाही. तिच्याकडे नीट बघा. अमोनियाचा एक कण म्हणजे ही बाई आहे: एक नायट्रोजन आणि त्याच्या अंगावर तीन हायड्रोजन. हायड्रोजनला एकटं नेणं महाकठीण. तो साऱ्या वायूंत हलका, फटीतून निसटणारा, पोलादातसुद्धा शिरून त्याला ठिसूळ करणारा, आणि द्रवरूप करायचा तर शून्याखाली 253 अंशांपर्यंत गारठवावा लागणारा. म्हणून त्याला कुणाच्या तरी डोक्यावर द्यायचा. ही बाई घरी पोचली की तीन भांडी उतरवून रिकामी होते. नायट्रोजनही तसाच रिकामा होतो आणि जिथून आला त्या हवेत परत जातो.

उतरवायचं कसं, ते बघायला आता लांब जायचं नाही. ऐका.

"कल्हैऽऽई लावाऽऽ, कल्हई!"

बोळ एकदम जागा होतो. दारादारांतून पितळ बाहेर येतं: पातेली, पराती, तपेली, एक अवाढव्य सतेलं जे फक्त लग्नात उतरतं. अव्वा तुमच्या हातात तीन पातेली देते. "ह्यात आमटी कळकायला लागलीया." आत बघा. चांदीसारखा थर मधेमधे गेलाय आणि खालून पिवळंतांबूस पितळ डोकावतंय. त्याला चिंच लागली, ताक लागलं की कळकलं म्हणून समजा. जिभेला तो तुरट, हिरवट, ओकारी आणणारा स्वाद लगेच कळतो. चमचाभर चाखा हवं तर. नको? बरं.

हाक देणाऱ्या कल्हईवाल्या चाचांनी लिंबाच्या सावलीत हातभर खड्डा खणलाय. खड्ड्यात कोळसे, बाजूनं भात्याची नळी. भात्याशी बसायला पोरगं आलेलं नाही, तेव्हा तुम्ही बसा. कातड्याचा भाता आहे, दांडा घामानं गुळगुळीत झालेला. खाली, वर. खाली, वर. भाता दम्याच्या म्हाताऱ्यासारखा घरघरतो, कोळसे तांबड्यावरून नारिंगी होतात आणि उष्णता थेट तुमच्या नडग्यांवर येते. चाचांचा भाचा पातेल्यात ओलं गोणपाट आणि वाळू टाकून स्वतःच त्यात उभा राहिलाय. भिंतीला हात टेकून कंबर डावी-उजवीकडे अशी झपाझप फिरवतो की बोळातली पोरं खिदळत त्याची नक्कल करतात. पातेलं आतून घासून लख्ख होतं.

आता चाचा पातेलं पकडीत धरून निखाऱ्यावर फिरवतात. पितळ तापतं, त्याच्यावर एक काळपट साय येते. ही साय म्हणजे धातूला चिकटलेला हवेतला ऑक्सिजन, आणि ती असेपर्यंत कथील तिथं थारा धरत नाही. मण्यासारखं गोळा होऊन घरंगळत राहतं. चाचा बाजूच्या डबीतून चिमूटभर पांढरी पूड घेतात. नवसागर. पुडीवर बोट, बोटावरून पातेल्यात एक झटका, आणि —

मागं व्हा! फस्सदिशी पांढरा, दाट, गुबगुबीत धूर उठतो. तो तुमच्या नाकात, घशात, डोळ्यांत शिरतो. पुन्हा तीच सुई. गोठा, तळहातावरचा चुना, आणि आता हा. तुम्ही खोकताय, पोरं टाळ्या पिटतायत, चाचा मात्र त्या ढगात तोंड घालून कापसाच्या बोळ्यानं पूड फिरवतायत. "काय बघलालाव मालक? भाता मारा!"

भाता मारत मारतच ऐका, कारण सगळी गोष्ट याच क्षणी तुमच्या हाताखाली घडते आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या पितळावर तो फुटतो: अमोनिया एकीकडे, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ दुसरीकडे. वर थंड हवेत गेले की दोघं पुन्हा एकत्र येतात. तोच हा पांढरा धूर. पण जो अमोनिया खाली, धातूला बिलगून राहिला, त्याच्या अंगावरचे हायड्रोजन काळ्या सायीतला ऑक्सिजन ओढून घेतात आणि पाण्याची वाफ होऊन निघून जातात. आम्ल उरलेली साय खातं. रिकामा झालेला नायट्रोजन हवेत मिसळतो. सायीखालचं पितळ उघडं पडतं, गुलाबी झाक असलेलं, एखाद्या क्षणापुरतं इतकं स्वच्छ की बघतच राहावं.

हायड्रोजन आला आणि पोचवला गेला. अमोनियाच्या डोक्यावरून, या लिंबाखाली, या पातेल्यात.

चाचांना वेळ नाही. कथलाची कांडी पातेल्याला टेकते, 232 अंशांनाच वितळणारं ते कथील पाण्यासारखं पसरतं, कापसाचा बोळा एकदा गर्रकन फिरतो आणि चंद्रासारखा पांढरा उजेड तळापासून काठापर्यंत चढत जातो. मग पातेलं बादलीत. चर्रर्र! वाफेनं तुमचा चेहरा ओला होतो. चाचा ते तुमच्यापुढे धरतात आणि आत तुम्हाला तुमचंच लालबुंद, रडवेलं तोंड दिसतं.

अमोनिया तापलेल्या धातूवर मोडतो हे फ्रान्सच्या तेनारनं 1813 मध्ये नोंदवून ठेवलं. तुमच्या काळातले कारखाने हेच काम निकेलवर, सातशे ते नऊशे अंशांच्या नळ्यांत करतात. फरक इतकाच की चाचांचा हायड्रोजन जागच्या जागी कामाला लागतो, आणि त्या कारखान्यांना तो अखंड, शुद्ध, टनांनी हवा असतो. पण भात्यावर अर्धा तास बसल्यावर एक गोष्ट तुमच्या खांद्यांना कळली असेल: ओझं उतरवायलाही ताकद लागते. वीज घालून हायड्रोजन काढायचा, दाब घालून अमोनिया करायचा आणि पलीकडे पुन्हा उष्णता घालून मोडायचा, यात वाटेवर बरीच ऊर्जा जाते. म्हणून मला वाटतं, जिथं अमोनिया अमोनिया म्हणूनच लागतो, म्हणजे खतात, तिथं आधी तो हरित करावा. मोडायची घाई नंतर.

हा नवसागरही उकिरड्याचाच नातेवाईक, हे राहिलंच. एके काळी इजिप्तमध्ये उंटांच्या लेंड्यांच्या धुराची काजळी खरवडून तो काढत, आणि आपल्याकडे कर्नालच्या बाजूचे कुंभार शेणमातीच्या विटा भाजून. आमोन देवाच्या देवळाजवळचं मीठ म्हणून त्याला तिकडे जे नाव पडलं, त्यातून अमोनिया हा शब्द आला.

दुपार. आता बाहेर निघू नये अशी वेळ. बोळातली कुत्री गटाराच्या ओलीत पोट टेकून पडलीत, पूर्व भागातल्या मागांची खटखट सोडली तर गाव मुकं आहे. आणि नेमकं आत्ताच अव्वाच्या नातवाचं अंग तापानं फणफणलंय. सून कपाळावरच्या पट्ट्या बदलून थकली. डॉक्टर सांगून गेलेत: बर्फ ठेवा. अव्वा पदराच्या गाठीचे पैसे सोडते आणि तुमच्याकडे बघते. "पळ बाबा."

पळा. हातात रिकामं गोणपाट, पायाखाली तव्यासारखा फुफाटा. बर्फाचा कारखाना गावाच्या कडेला आहे. तो दिसायच्या आधी ऐकू येईल: धप्प, धप्प, धप्प, मधेच पट्ट्याची सळसळ. दारातून आत शिरलात की घामानं भिजलेल्या सदऱ्यात एकदम काटा येतो. बाहेर वैशाख, आत पौष. पायाखाली लाकडी झाकणांची जमीन. प्रत्येक झाकणाखाली मिठाच्या गारठलेल्या पाण्यात बुडालेला एकेक पत्र्याचा उंच डबा, डब्यात बर्फ धरतोय. नळ्यांवर मे महिन्यात बोटभर हिम जमलंय. हात लावा. लावलात? आता पटकन सोडवा, चिकटतो.

आणि वास. यंत्राच्या दांड्यापाशी, अगदी पुसटसा. तुम्ही आता त्याचे जुने ओळखीचे. या नळ्यांतून फिरतोय तो निव्वळ अमोनिया. यंत्र त्याला दाबतं, पाण्याच्या फवाऱ्याखाली तो निवतो आणि द्रव होतो. मग मोकळ्या नळीत सोडला की तो उकळू लागतो, शून्याखाली 33 अंशांवरसुद्धा उकळणारा द्रव तो, आणि उकळायला लागणारी ऊब आजूबाजूच्या खाऱ्या पाण्यातून ओढून घेतो. पंधरा-सोळा वातावरणांचा दाब दिला की सोलापुरासारख्या तापत्या गावातही तो टाकीत द्रव होऊन बसतो, ही त्याची खरी थोरवी. 253 अंश गारठवायला नकोत. आणि ऐका, हे मला आजही नवल वाटतं: लिटरभर द्रव अमोनियात साधारण 120 ग्रॅम हायड्रोजन असतो, आणि लिटरभर निव्वळ द्रव हायड्रोजनात सुमारे 71. बाईच्या डोक्यावर, कमरेवर मिळून जे पाणी मावतं ते नुसत्या ओंजळीत मावत नाही.

तेवढ्यात मिस्त्री ओरडतो. "मागं सरा!" वास एकदम चढलाय. त्यानं ओलं फडकं नाकातोंडावर गुंडाळलंय. पाणी अमोनियाला अधाशासारखं पितं, म्हणून ओलं. दुसऱ्या हातात पेटवलेली गंधकाची कांडी. ती तो नळीच्या सांध्यासांध्याजवळून फिरवतो. इथं काही नाही. इथं नाही. आणि एका सांध्याशी कांडीचा धूर अचानक पांढराफेक होतो. सापडलं! पाना, दोन आटे, वास उतरतो. तुमच्या छातीतली धडधड यंत्रापेक्षा मोठी झालीय आणि ती योग्यच आहे. हा वायू फुफ्फुसं जाळतो, माणूस मारतो. त्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येकानं या दारात पाच मिनिटं उभं राहावं. सावध करणारा इतका तिखट वास त्याला आहे, हे त्यातल्या त्यात आपलं नशीब.

मिस्त्री कपाळ पुसतो. लादी फोडून तुमचा वाटा तोडताना तो दाराबाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे हनुवटी करतो. "ह्या उन्हाचा काही उपयोग झाला असता, तर आपलं गाव सोन्याचं झालं असतं."

त्याला सांगावंसं वाटतं तुम्हाला. की उन्हाचा उपयोग निघालाय. की राजस्थानात बिकानेरला सूर्याच्या विजेवर दिवसाला पाच टन अमोनियाचा पहिला प्रयोग उभा राहिला, आणि 2023 मध्ये केंद्रानं हरित हायड्रोजनची मोहीम मांडली, महाराष्ट्रानं आपलं धोरण काढलं. पण तो विचारेल, पाणी? सकाळची रांग तुम्ही पाहिलीत. टनभर अमोनियासाठी दीड टनांहून अधिक पाणी फोडावं लागतं, वर दहाएक हजार युनिट वीज. ऊन या गावाला कधी कमी पडलं नाही. पाणी, उजनी धरण भरलं तरी, तुमच्या काळातही इथं कित्येक दिवसांआड येतं. इथं असा कारखाना कुणी काढलाच, तर त्यानं गावाच्या नळाकडे बघू नये, सांडपाणी शुद्ध करून वापरावं, असं मी आत्ताच म्हणून ठेवतो.

बोलत काय बसलात, बर्फ वितळतोय! लाकडाचा भुसा, वर गोणपाट, घट्ट आवळा आणि छातीशी धरा. निघा. पहिल्या वळणाला सदरा भिजतो. दुसऱ्या वळणाला पोटावरून गार ओघळ धोतरात शिरतो. शेंगा विकणारी हाक मारते, टांगेवाला घंटी वाजवतो, थांबू नका. गठ्ठा हलका होतोय, हाताला कळतंय. तीन शेर घेतला होता, वेशीपाशी दोनच असेल. लिंबाखाली चाचा दुपारचं आडवे झालेत, त्यांच्या खड्ड्यातून अजून धग येते, तिला वळसा घाला.

अव्वा दारातच आहे. गोणपाट उलगडतं, भुसा झटकला जातो, आणि आत नारळाएवढा, निळसर, घामेजलेला एक तुकडा. सून तो नव्या कल्हईच्या पातेल्यात टाकते. ठणठणत तो तळाशी घरंगळतो. बत्त्याचा एक घाव. चुरा फडक्यात, फडकं पोराच्या कपाळावर. पोरगं डोळे न उघडता एक लांब श्वास सोडतं.

पातेल्यात खडीसाखरेएवढी एक कपची उरलीय. अव्वा ती चिमटीत उचलते आणि तुमच्या तोंडात टाकते. जरा भुशाची चव लागेल. चावू नका, जिभेखाली धरा. लांबवर संध्याकाळचा भोंगा होतोय.